इंग्रजी मोबाइलवर की विहारात? यवतमाळच्या मुलांसाठी निवड करताना

दहावी-बारावीचे निकाल लागले की यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा या गावांत विजेच्या खांबांवर ‘फाडफाड इंग्रजी बोला’चे फलक दिसू लागतात. आता त्यांच्या जोडीला मोबाइलवरच्या जाहिराती आल्या आहेत. घरबसल्या इंग्रजी, तीस दिवसांत इंग्रजी, पहिला आठवडा मोफत. याच दिवसांत अनेक गावांतली जयंती मंडळे आणि विहार समित्या शिल्लक वर्गणीचा हिशेब मांडतात आणि ‘या वर्षी पोरांसाठी काहीतरी करू’ असे ठरवतात. त्या यादीत इंग्रजीचे नाव सगळ्यात वर असते. बैठक मात्र पुढच्या प्रश्नावर अडते. मुलांना ऑनलाइन कोर्स घेऊन द्यायचा, की गावात शिकवणारा माणूस आणायचा?

हा प्रश्न फक्त सोयीचा नाही. चुकीची निवड झाली तर वर्गणी वाया जाते, हे एक नुकसान. दुसरे नुकसान मोठे आहे. तीन महिने कोर्स करूनही तोंडातून वाक्य फुटले नाही, तर मुलगा किंवा मुलगी ‘आपल्याला इंग्रजी जमतच नाही’ असे ठरवून मोकळी होते. तो शिक्का पुसायला पुढे वर्षे लागतात. म्हणून निवड करण्याआधी आपण थोडा अभ्यास केला पाहिजे.

इंग्रजी कशासाठी हवे?

आपल्या चळवळीला इंग्रजीचे महत्त्व नव्याने सांगायला नको. तरी आजची गरज नेमकी पाहू. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा ३०० गुणांचा पेपर असतो. त्यात २५ टक्के मिळाले नाहीत तर त्या उमेदवाराचे इतर पेपर मोजलेच जात नाहीत. एमपीएससीनेही राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेत वर्णनात्मक पद्धत आणली आहे. म्हणजे आता पर्यायावर गोळा काळा करून भागणार नाही, लिहावे लागेल. परदेशी शिक्षणासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. पण तिथल्या विद्यापीठात प्रवेश मिळवायचा तर इंग्रजीची कसोटी आधी पार करावी लागते.

कार्यकर्त्यांसाठी आणखी एक गोष्ट. जिल्हा न्यायालयात मराठी चालते. पण संविधानाच्या कलम ३४८ नुसार उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत होते. अॅट्रॉसिटीच्या प्रकरणात नागपूर खंडपीठाने जामिनाचा आदेश दिला, तर तो इंग्रजीत असतो. त्यात काय लिहिले आहे हे पीडित कुटुंबाला सांगणारा माणूस वस्तीत नसेल, तर वकील सांगेल तेच खरे मानावे लागते.

या गरजा सारख्या नाहीत. पेपर लिहिणे वेगळे, आदेश वाचणे वेगळे आणि मुलाखतीत बोलणे वेगळे. ऑनलाइन की प्रत्यक्ष, याचे उत्तर आपल्याला यातले काय हवे यावर बरेचसे अवलंबून आहे.

शिकणारा कोण आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार आहे आणि दहापैकी जवळपास आठ माणसे खेड्यात राहतात. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात घरात बोलली जाणारी भाषा एक नाही. वऱ्हाडी आहे, पुसद-दिग्रसकडे तांड्यांवर गोरमाटी आहे, केळापूर-झरी-मारेगाव पट्ट्यात कोलामी आणि गोंडी आहे, सीमेवर तेलुगूही कानावर पडते. कोलाम पोडावरच्या मुलाला शाळेतली मराठी हीच आधी दुसरी भाषा असते. इंग्रजी त्याच्यासाठी तिसरी. आपल्या वस्तीतला मुलगा वऱ्हाडी बोलतो. ‘काहून’, ‘मले’, ‘तुले’ यावरून पुण्या-मुंबईत त्याला कुणीतरी आधीच हसलेले असते. प्रमाण मराठीतही तोंड उघडायला तो बिचकतो.

राज्यात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज बारावी झालेल्या मुलाने बारा वर्षे इंग्रजी हा विषय घेतलेला असतो. त्याला ‘टेन्स’चा तक्ता पाठ असतो, शब्दार्थ येतात, निबंधही पाठ असतो. असरच्या २०२३ च्या अहवालात देशाच्या २८ जिल्ह्यांतील ग्रामीण भागात १४ ते १८ वयोगट तपासला गेला. त्यात ५७.३ टक्के मुला-मुलींना इंग्रजीतली सोपी वाक्ये वाचता आली. अर्थात दहातल्या चौघांना तीही वाचता आली नाहीत. म्हणून एकाच गावात एकाच वयाची दोन प्रकारची मुले बसलेली असतात. एकाला वाचन पक्के करायचे आहे. दुसऱ्याला वाचता येते, पण बोलायला धीर होत नाही. या दोघांना एकच कोर्स विकत घेऊन देणे हीच पहिली चूक ठरते.

फोन घरात आहे, पण हातात कोणाच्या?

ऑनलाइनच्या बाजूने पहिला मुद्दा असा मांडला जातो की आता सगळ्यांकडे फोन आहे. घरात आहे, हे खरे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या फक्त १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. त्यानंतर चित्र फार बदलले. असर २०२३ मध्ये जवळपास ९० टक्के घरांत स्मार्टफोन आढळला. पण त्याच अहवालातली पुढची ओळ आपल्या बैठकीत वाचून दाखवण्यासारखी आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के होते.

याचा अर्थ साधा आहे. संध्याकाळी सात वाजता ऑनलाइन वर्ग ठेवला, तर मुलाच्या हातात फोन असतो आणि मुलगी चुलीपाशी असते. फोन वडिलांचा किंवा भावाचा असतो. तो शेतातून, कामावरून आला तर वर्ग, नाही तर नाही. शिवाय ‘मुलगी फोनवर कोणाशी बोलते’ हा प्रश्न घरात सतत असतोच. जुलै २०२४ मध्ये मोबाइल कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवले, तेव्हा ज्या घरात दोन फोन होते तिथे आधी कोणाचा रिचार्ज थांबला असेल, हे वेगळे सांगायला नको. उमरखेडचा बंदी भाग, झरी जामणी, घाटंजीचा जंगलपट्टा इथे तर रेंजसाठी टेकाडावर जावे लागते.

कोरोनाच्या काळात आपण हे पाहिले आहे. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे सुरू’ म्हणत राज्याने एप्रिल २०२० पासून व्हॉट्सॲपवर अभ्यासमाला पाठवली. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ आली. त्या कठीण काळात ते प्रयत्न मोलाचे होते. धडा घरापर्यंत पोहोचला. पण भाषेच्या बाबतीत एक गोष्ट त्या धड्यासोबत आली नाही: समोरचा माणूस. मुलांनी ऐकले, पाहिले, वहीत उतरवले. बोलले मात्र क्वचितच.

मिनिटे मोजा

माझ्या मते कोणताही इंग्रजी वर्ग तपासण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मिनिटे मोजणे. तासाभरात प्रत्येक मूल स्वतः किती मिनिटे बोलले?

समजा ऑनलाइन वर्ग साठ मिनिटांचा आहे आणि चाळीस मुले जोडली आहेत. शिक्षक एक शब्दही बोलला नाही आणि मुले एकामागून एक बोलली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट येते. प्रत्यक्षात शिक्षकच बोलतो आणि बाकीच्यांना ‘माइक बंद ठेवा’ सांगितलेले असते. आता विहारात सोळा मुले बसली आहेत. दोघा-दोघांच्या आठ जोड्या केल्या आणि अर्धा तास जोडीत बोलायला दिले. प्रत्येकाला पंधरा मिनिटे मिळाली. फरक दहापटीचा आहे, आणि त्यासाठी कोणताही महागडा शिक्षक लागला नाही.

ऑनलाइन वर्गातही मुलांच्या छोट्या जोड्या करता येतात. पण त्यासाठी प्रत्येकाकडे वेगळा फोन, चांगली रेंज आणि बोलायला घरात शांत कोपरा लागतो. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही चालू असताना, आजी-आजोबा बाजूला बसलेले असताना, ‘माय नेम इज’ म्हणायलाही संकोच वाटतो.

समोरासमोर म्हणजे चांगलेच, असेही नाही

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग ठरले, गावातच वर्ग घ्या. इतके सोपे नाही. प्रत्यक्ष वर्गाची दुखणीही आपल्याला माहीत आहेत. पन्नास मुले दाटीने बसवायची, फळ्यावर बारा काळांचा तक्ता काढायचा, मराठीतून समजावून सांगायचे आणि घरी पाठ करायला द्यायचे. अशा वर्गात मुलगा सहा महिने बसला तरी त्याच्या बोलण्याची मिनिटे शून्यच राहतात. तो वर्ग प्रत्यक्ष असूनही ऑनलाइनपेक्षा वेगळा नाही.

दुसरी अडचण माणसाची. इंग्रजी सहज बोलणारा आणि शिकवण्याची हातोटी असलेला माणूस यवतमाळ शहरात मिळेल. तो आठवड्यातून दोनदा मुकुटबनला किंवा ढाणकीला येईल का? आला तर किती महिने टिकेल? इथे ऑनलाइनची ताकद मान्य केली पाहिजे. नागपूर, पुणे, बंगळुरू, लंडनला गेलेली आपली मुले-मुली शनिवारी एक तास द्यायला तयार असतात. त्यांना गावात आणता येत नाही. पण त्यांचा आवाज आणता येतो.

तिसरी गोष्ट हंगामाची. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत कापूस वेचणी चालते. त्या दिवसांत मुली संध्याकाळी थकून येतात. काही घरे ऊसतोडीला बाहेर पडतात. अशा वेळी रोजचा वर्ग मोडणारच. गावाबाहेर वर्ग असेल तर शेवटच्या एसटीची वेळ पाहावी लागते. मुलींना बारावीपर्यंत पासची सवलत आहे, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. तरी परतीची गाडीच नसेल तर सवलतीचा काय उपयोग?

आणि चौथी गोष्ट, जी आपण उघडपणे कमी बोलतो. काही मुलांना पडद्यामागे मोकळे वाटते. तिथे आडनाव, वस्ती कोणी विचारत नाही. मुलांसमोर तोंड न उघडणारी मुलगी व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवते, आवडला नाही तर पुसून पुन्हा पाठवते. चुकायची अशी एकांतातली जागा तिला वर्गात मिळत नाही. म्हणून ऑनलाइनला सरसकट नाव ठेवणेही अन्यायाचे आहे.

इतरांचा अनुभव काय सांगतो?

बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथल्या टीचर्स कॉलेजमधील संशोधन केंद्राशी जोडलेल्या दी शू आणि शॅना जॅगर्स यांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील कम्युनिटी कॉलेजांचा अभ्यास केला. चाळीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची नोंद त्यात होती. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की सर्वच गटांतील विद्यार्थी ऑनलाइन विषयांत काहीसे मागे पडले. पण सगळ्यात जास्त मागे पडले ते कृष्णवर्णीय विद्यार्थी, कमी वयाचे, मुलगे आणि ज्यांचे आधीचे गुण कमी होते ते. म्हणजे आधीच दरी आहे, तिथे ऑनलाइन ती रुंद करते. हा अभ्यास इंग्रजी शिकण्यापुरता नव्हता आणि अमेरिका म्हणजे यवतमाळ नव्हे. तरी कोणाचे नुकसान आधी होते, हे त्यातून दिसते.

दुसऱ्या बाजूला, अमेरिकेच्याच शिक्षण विभागाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात प्रत्यक्ष आणि ऑनलाइन यांची सांगड घातलेले वर्ग निव्वळ प्रत्यक्ष वर्गांपेक्षा सरस ठरले. पण लेखकांनी तिथेच सावध केले होते. अशा मिश्र वर्गांतल्या विद्यार्थ्यांना बऱ्याचदा वेळ आणि साहित्यही जास्त मिळाले होते. फायदा पडद्याचा होता असे त्यावरून म्हणता येत नाही.

आपल्या राज्यातली उदाहरणे जास्त बोलकी आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्यांनी खेड्यातल्या मुलांना दूरदेशीच्या वर्गांशी ऑनलाइन जोडले. पण मुले वर्गात एकत्र बसलेली होती आणि शिक्षक त्यांच्या शेजारी उभा होता. राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी नऊ जिल्ह्यांत चालवलेल्या ‘तेजस’ प्रकल्पात इंग्रजी शिकवणारे शिक्षक आपापल्या भागात गट करून समोरासमोर भेटत आणि मधल्या काळात फोनवरच्या गटात चर्चा करत. यवतमाळच्या मातीतून उभी राहिलेली, राजू केंद्रे यांची ‘एकलव्य’ संस्था पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसाठी हेच करते. मुलांना कार्यशाळेत एकत्र आणायचे, आणि नंतर दूरच्या मार्गदर्शकाने त्यांचा हात धरून ठेवायचा.

आणि आपला स्वतःचा वारसा तर त्याहून जुना. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू केले. १९५० मध्ये बाबासाहेबांनी मराठवाड्यातल्या मुलांसाठी तेव्हाच्या औरंगाबादला कॉलेज काढले. पुस्तके टपालाने पाठवता आली असती. त्यांनी मुलांना एका छताखाली आणले, कारण ज्या घरात अभ्यासाचा दिवा नव्हता तिथल्या मुलाला सोबत लागत होती. एकट्याने शिकणे ही ज्यांच्या घरात आधीच पुस्तके आहेत त्यांची चैन आहे.

मग गावाने काय करावे?

माझी सूचना अशी आहे. ‘ऑनलाइन की प्रत्यक्ष’ हे आधी विचारू नये. आधी विचारावे, आपल्याकडे कमी काय आहे? शिक्षक कमी असेल तर शिक्षक ऑनलाइन आणावा, पण मुले विहारात एकत्र बसवावीत. धीर कमी असेल तर पडदा बंद ठेवून समोरासमोर बोलायला लावावे. वेळ कमी असेल, परीक्षा तोंडावर असेल, तर लेखनाचा सराव तपासून देणारा ऑनलाइन मार्गदर्शक पुरेसा आहे.

गावात बहुतेक वेळा शिक्षक आणि धीर दोन्ही कमी असतात. तिथे एक साधी रचना जमते. बारा ते सोळा मुलांचा गट, त्यात निम्म्या मुली. आठवड्यातून दोन संध्याकाळी विहारात किंवा समाजमंदिरात दीड तास. कोलाम पोडावरची, तांड्यावरची मुले यायला तयार असतील तर दार उघडे. गावातलीच एखादी पदवीधर ताई किंवा दादा गट सांभाळेल. त्यांना उत्तम इंग्रजी आलेच पाहिजे असे नाही. जोड्या लावणे, हसणाऱ्याला थांबवणे आणि वेळ पाळणे हे त्यांचे काम. दोनपैकी एका दिवशी अर्धा तास बाहेरगावचा मार्गदर्शक टीव्हीच्या पडद्यावर येईल. सोळा फोन आणि सोळा रिचार्जऐवजी एक टीव्ही, एक फोन, एक रिचार्ज. मधल्या दिवसांत प्रत्येकाने एक मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून गटावर पाठवायचा. ज्या मुलीकडे फोन नाही, तिचा आवाज ताईच्या फोनवर रेकॉर्ड होईल. वेचणीच्या महिन्यांत विहारातला वर्ग आठवड्यातून एकदाच ठेवायचा आणि आवाजाचा सराव चालू ठेवायचा. ऑनलाइनची खरी जागा ही आहे: वर्ग मोडू नये म्हणून टेकू.

विषयही आपले घ्यावेत. विमानतळावरचे संवाद पाठ करण्यापेक्षा कापसाचा भाव, गावातला पाण्याचा प्रश्न, संविधानाची उद्देशिका यांवर बोलले तर शब्द लवकर चिकटतात. मुलगा मध्येच वऱ्हाडीत घसरला तर रागावू नये. त्याला सांगायचे काय आहे हे आधी कळू द्यावे, मग इंग्रजी वाक्य जुळवायला मदत करावी.

आणि कुठल्याही कोर्सला पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारावेत. एका वर्गात किती मुले असतात? प्रत्येक मूल किती मिनिटे बोलते? बोललेले कोण ऐकते आणि चूक कोण सांगते? अर्ध्यावर सोडले तर पैसे परत मिळतात का? उत्तर देताना जाहिरातवाला अडखळला, तर आपण वर्गणी खिशात ठेवावी.

आपल्या कार्यक्रमांत आकड्यांची एक सवय लागली आहे. ऑनलाइन कोर्सला किती जणांनी नाव नोंदवले, हा आकडा अहवालात छान दिसतो. तीनशे नोंदणी, असे लिहिता येते. विहारातल्या सोळा मुलांचा आकडा लहान दिसतो. पण पहिल्या दिवशी त्या सोळा जणांचा एक मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा आणि नव्वदाव्या दिवशी पुन्हा करा. दोन्ही आवाज गावाला लाऊडस्पीकरवर ऐकवा. त्यापेक्षा चांगला अहवाल कोणता?

या वर्षीच्या शिल्लक वर्गणीचा हिशेब अजून झाला नसेल, तर हा विषय पुढच्या बैठकीत घ्या. बैठकीला मुलींनाही बोलवा, आणि वर्गाची वेळ त्यांनाच ठरवू द्या.

जय भीम!